राज्याच्या कायद्यात एलजीबीटीक्यू समता: आमदारांपुढे नेमकं काय ठेवायचं? (नाशिक)

गोदाकाठ

नाशिकमधल्या आम्हा काही जणांना नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी शहरातल्या आमदारांकडे एक मसुदा द्यायचा आहे. "समान हक्क मिळावेत ही नम्र विनंती" छापाचं निवेदन नको. ते हसतमुखाने घेतलं जातं, फोटो निघतो आणि कागद स्वीय सहायकाच्या कपाटात जातो. कोणता अधिनियम, कोणतं कलम, काय घालायचं, काय वगळायचं, असं लिहून द्यायचं आहे.

आजवर जमवलेलं असं: केंद्राचा २०१९ चा कायदा (१० जानेवारी २०२० पासून लागू) फक्त पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींपुरता आहे. समलिंगी आणि उभयलिंगी माणसांना दंड संहितेच्या कलम ३७७ वरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (६ सप्टेंबर २०१८) गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढलं. पण खासगी नोकरी, भाड्याचं घर, दवाखाना इथे भेदभाव झाला तर दाद मागायला त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा नाही.

अडलेलं असं: राज्याच्या हातात यातलं किती? एकच मोठं "समता विधेयक" मागावं की तुकड्यातुकड्याने? लग्नाचा मुद्दा घ्यावा का? आणि अशासकीय विधेयकाचा (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या) काही उपयोग होतो का, की तो नुसता सोपस्कार?

पोटकलम

मोठं विधेयक मागू नका, हे आधीच सांगतो. कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे, जिथे केंद्र आणि राज्य यांच्यात कायदे करण्याचे विषय वाटून दिलेत.

राज्य सूचीतले विषय बघा: पोलीस (नोंद २), स्थानिक स्वराज्य (५), सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयं (६), जमीन (१८), सहकारी संस्था (३२), राज्याच्या सेवा (४१), मुद्रांक शुल्काचे दर (६३). रोजच्या जगण्यात जिथे माणूस अडतो ती बहुतेक दारं याच यादीत आहेत आणि इथे विधानमंडळाला दिल्लीकडे बघावं लागत नाही.

फौजदारी कायदा (नोंद १), विवाह-दत्तक-वारसा (५), कामगार कल्याण (२४), शिक्षण (२५) हे समवर्ती सूचीत, म्हणजे जिथे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. तिथे केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही लिहिलंत की अनुच्छेद २५४(२) आडवा येतो आणि विधेयक राष्ट्रपतींकडे जातं. "समता विधेयक" म्हणून सगळं एका बोचक्यात बांधलं तर त्यातलं एक समवर्ती कलम उरलेल्या वीस निर्विवाद कलमांनाही दिल्लीत अडकवून ठेवतं. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं, महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक आठवा. ते भारतीय दंड संहितेत बदल करणारं होतं, संमती मिळाली नाही, कायदा झालाच नाही.

ही वाट कायम बंद असते असंही नाही. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून राजपत्रात यायला जुलै २०१७ उजाडलं. सव्वा वर्ष. त्या कायद्यामागची चळवळ तर आपल्याच शहरातून, २०१३ मधल्या आंतरजातीय विवाहावरून झालेल्या खुनानंतर उभी राहिली. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, बहिष्काराच्या निषिद्ध कारणांमध्ये नैतिकता, राजकीय कल यांच्या जोडीला लैंगिकतेचाही उल्लेख आहे. म्हणजे जातपंचायतीने कुणाला समलिंगी म्हणून वाळीत टाकलं तर आजच गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मसुद्याच्या पहिल्या पानावर हे टाका. "महाराष्ट्राच्या कायद्याला हा शब्द नवा नाही" असं दाखवता आलं की आमदाराची अर्धी भीती जाते.

मर्यादाही लक्षात घ्या: तो कायदा एकाच समाजातल्या बहिष्काराचा आहे. घरमालक वा कंपनी त्यात येत नाही.

विधानभवन_वाचक

अशासकीय विधेयक सोपस्कार आहे का? मंजूर होण्याच्या दृष्टीने जवळजवळ हो. पण राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी तिरुची शिवा यांचं पारलिंगी हक्कांचं अशासकीय विधेयक मंजूर केलं, त्यानंतरच केंद्र सरकारला स्वतःचं विधेयक आणणं भाग पडलं. सरकारला बोलतं करायला ते हत्यार आहे.

कुणाकडून मांडून घ्यायचं, याचा विचार मात्र बहुतेक जण करत नाहीत. विधानसभेत पडून असलेलं विधेयक सभागृह विसर्जित झालं की व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पण विधान परिषदेत मांडलेलं आणि विधानसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहतं, अनुच्छेद १९६(४). तेव्हा शहरातले चार चेहरे गाठण्याआधी नाशिक विभाग शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या आमदारांकडे जा. त्यांच्या मतदारयादीत पाच जिल्हे येतात आणि प्राध्यापक, वकील, डॉक्टर असे लोक असतात, ज्यांच्याकडून दोन फोन जाऊ शकतात.

पैशाचं कलम हा दुसरा खड्डा. "जिल्हा पातळीवर आयोग नेमावा, अध्यक्षास मानधन द्यावे" असं लिहिलं की राज्याच्या एकत्रित निधीतून (म्हणजे सरकारी तिजोरीतून) खर्च आला. मग अनुच्छेद २०७(३) नुसार राज्यपालांची शिफारस नसेल तर सभागृह ते मंजूरच करू शकत नाही. नवीन आयोग मागू नका. असलेल्या अधिकाऱ्यालाच जास्तीचं काम द्या: जिल्हाधिकारी, उपनिबंधक, सहायक आयुक्त समाजकल्याण. विधेयकाला जोडायच्या खर्चाच्या टिपणात, म्हणजे वित्तीय ज्ञापनात, "एकत्रित निधीतून आवर्ती वा अनावर्ती खर्च अपेक्षित नाही" हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिता आलं पाहिजे.

मसुद्याला जोडायची दोन पानंही तुम्हीच तयार करून द्या: उद्देश व कारणे यांचे निवेदन, आणि नियम करण्याचा अधिकार शासनाला दिला असेल तर वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन. आमदारांच्या कार्यालयात हे लिहायला माणूस नसतो आणि तिथेच घोडं पेंड खातं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुदे हवेत. अर्थ लावायची वेळ आली की इंग्रजी पाठ बघितला जातो, म्हणून दोन्हींत शब्द तंतोतंत जुळले पाहिजेत.

राज्यपालांकडे विधेयक गेल्यावर किती दिवसांत निर्णय व्हावा याला ठरलेली मुदत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ च्या मतात न्यायालयं अशी मुदत घालून देऊ शकत नाहीत असं म्हटलं आहे. तारखा ठरवून आंदोलनाची आखणी करू नका.

सातपूरकर

दोघांचं बरोबर आहे, पण मुळात विधेयक कशाला? निम्मी कामं विधानभवनाची पायरी न चढता होतात. नियम, आदेश, उपविधी.

कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींना एक टक्का समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आरक्षण दिलं ते भरती नियम, १९७७ मध्ये दुरुस्ती करून. तमिळनाडूने २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांत २४-क हा नियम घातला: एलजीबीटीक्यू व्यक्तींना वा त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना पोलिसाने छळू नये. छळलं तर तो शिस्तभंग. आपल्याकडे पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी रकाना आला तो डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला फटकारल्यावर, आणि शारीरिक चाचणीचे निकषही नियमातूनच यायचे होते. रकाना आधी, निकष नंतर. आधी कळस मग पाया.

आता नाशिकच्या हिशेबाने तीन गोष्टी.

घर. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली शासन गृहनिर्माण संस्थांना सार्वजनिक हिताचे निदेश देऊ शकतं. "भाडेकरूच्या वा सभासदाच्या लैंगिक कलावरून वा लिंगभावावरून संस्थेने अडवणूक करू नये" एवढा निदेश पुरे. आदर्श उपविधींनुसार भाडेकरू ठेवायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, आधी कळवायचं असतं. तरी इंदिरानगर-गंगापूर रोडच्या सोसायट्यांत "फक्त फॅमिली" असा ठराव करतात आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे कुणी जात नाही. निदेश आला तर निदान कशाच्या आधारे तक्रार करायची ते कळेल.

दवाखाना. खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद आली. त्या सनदेत एक वाक्य घालायचं: "रुग्णाने लेखी नाव दिलेल्या सज्ञान व्यक्तीस, नाते विचारात न घेता, भेट, माहिती व संमतीच्या बाबतीत जवळच्या नातेवाइकाचा दर्जा राहील." नमुना परका नाही. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ चं कलम १४ असंच आहे: साध्या कागदावर, सही किंवा अंगठा, नातं लागत नाही. जो न्याय मनोरुग्णाला तोच अपेंडिक्सच्या रुग्णाला, इतकं सरळ आहे. नियमदुरुस्तीचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा हरकती-सूचनांची मुदत असते, तेवढ्यात पत्रं गेली पाहिजेत.

दुकानं-आस्थापना. २०१७ च्या अधिनियमातलं भेदभावबंदीचं कलम १३ फक्त "महिला कामगारां"पुरतं बोलतं. इथे मात्र नियमाने भागणार नाही, अधिनियमातच दुरुस्ती हवी, कारण नियम मूळ कलमाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. कॉलेजरोडची शोरूम, कॉल सेंटर, हॉटेलं त्यात येतील. सातपूर-अंबडचे कारखाने येणार नाहीत. त्यांच्यावर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या कामगार संहिता आहेत, तिथे राज्याच्या हातात नियमांपुरतंच.

गोदाकाठ

हे डोळे उघडणारं आहे, आभार. दोन उपप्रश्न. लग्नाबद्दल कुणीच बोललं नाही. आणि समलिंगी वा पारलिंगी माणसाला "बरं करून देतो" म्हणणारे डॉक्टर आणि बाबा, यांच्याविरुद्ध राज्याचा कायदा होऊ शकतो का?

पोटकलम

लग्न: १७ ऑक्टोबर २०२३ च्या समलिंगी विवाहावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सुप्रियो निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, पुनर्विलोकनही ९ जानेवारी २०२५ ला फेटाळलं गेलं. विषय कायदेमंडळांवर सोडला. समवर्ती सूचीची नोंद ५ असल्यामुळे राज्य विशेष विवाह अधिनियमात दुरुस्ती करू शकतं, कागदोपत्री. पण ती केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरणार, म्हणजे पुन्हा राष्ट्रपती. संसदेत सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये मांडलेलं अशासकीय विधेयक याच विषयावरचं होतं.

एक चूक अनेक मसुद्यांत दिसते. राज्याचा विवाह नोंदणीचा १९९८ चा अधिनियम आहे ना, त्यात "कोणत्याही दोन व्यक्ती" घालू, झालं! नाही होत. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा असतो, नोंदणीने विवाह वैध होत नाही. तसं प्रमाणपत्र घेऊन बँकेत गेलेलं जोडपं रिकाम्या हाताने परत येईल.

त्याऐवजी लग्नाला चिकटलेले फायदे एकेक करून सोडवा. मुद्रांक शुल्क घ्या. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १, अनुच्छेद ३४ नुसार राहतं घर वा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर शुल्क २०० रुपये. वीस वर्षं एकत्र राहणाऱ्या सोबत्याला दिली तर खरेदीखताइतकं. पाच टक्केच धरा, पन्नास लाखांच्या फ्लॅटवर अडीच लाख. २०० विरुद्ध २,५०,०००. हा आकडा आमदाराला भाषणापेक्षा लवकर कळतो.

आणि यालाही विधेयक नको. कलम ९ खाली शासन राजपत्रातल्या आदेशाने शुल्क कमी करू शकतं. एप्रिल २०२१ पासून महिलांना घरखरेदीत एक टक्का सवलत दिली ती याच कलमाखाली. महसूल विभाग विचारेल, "सोबती म्हणजे कोण? उद्या कुणीही कुणालाही सोबती म्हणेल." उत्तर तयार ठेवा: एका वेळी एकच व्यक्ती, नोटरीसमोर दोघांचं घोषणापत्र, आणि ते बक्षीसपत्राच्या किमान एक वर्ष आधीचं.

तोवर जोडप्यांनी मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण करावी, दोन साक्षीदार मात्र हवेतच आणि ते लाभार्थी नसावेत. सोसायटीत नुसतं नामनिर्देशन करून निर्धास्त होऊ नका. कायद्याने नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरता सभासद होते, मालक नव्हे. भाऊ-पुतणे वारस म्हणून उभे राहिले की खरी लढाई तिथे सुरू होते.

वैद्य_नसलेला

"बरं करणाऱ्यांचं" मी सांगतो, कारण इथे राज्याचा कायदा आधीच आहे आणि कुणी वापरत नाही.

जादूटोणाविरोधी कायदा, २०१३. अनुसूचीतली पहिलीच बाब वाचा: भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरखंडाने वा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. मुलाच्या अंगात "बाईचं वारं" आहे म्हणून बाबाकडे नेऊन हे केलं तर थेट गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक दर्जाचा माणूस नेमलेला असतो, तक्रार त्याच्याकडे. अडचण अशी की बाबाने मारहाण न करता नुसतं "तुझा कल बदलतो" म्हणून पैसे घेतले तर अनुसूचीत ते स्पष्ट बसत नाही. म्हणून मागणी छोटी ठेवा, अनुसूचीत एक बाब वाढवा: "लैंगिक कल वा लिंगभाव ओळख बदलण्याचा दावा करून कोणतेही कृत्य करणे वा करावयास लावणे."

डॉक्टरांचं वेगळं. मद्रास उच्च न्यायालयाच्या ७ जून २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्य परिषदांना कळवलं की असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार आहे. पण ते ॲलोपॅथीपुरतं. होमिओपॅथी आणि आयुर्वेद यांच्या राज्य परिषदा वेगळ्या, समुपदेशक म्हणून पाटी लावणारा तर कुठल्याच परिषदेत नसतो. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्या पाट्या दिसतात त्या बहुतेक या उरलेल्यांच्याच. मसुद्यात "नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक" न लिहिता "कोणतीही व्यक्ती" लिहा.

पोटकलम

शब्दांचा विषय निघालाच आहे तर चार गोष्टी, कारण मसुदे इथेच फसतात.

"केवळ लैंगिक कलाच्या कारणावरून" असं लिहू नका. "केवळ" हा शब्द घटनेच्या अनुच्छेद १५ मधून सवयीने येतो. घरमालक म्हणेल, मी कलामुळे नाही, रात्री उशिरा येतो म्हणून काढलं. तक्रारदाराला दुसरं कोणतंच कारण नव्हतं हे सिद्ध करत बसावं लागतं. "पूर्णतः वा अंशतः" लिहा.

व्याख्येत "२०१९ च्या केंद्रीय अधिनियमात वेळोवेळी असेल त्याप्रमाणे" असं बोट दाखवू नका. दिल्लीत व्याख्या अरुंद झाली की तुमचा कायदा न हलता अरुंद होतो. स्वतःची व्याख्या पूर्ण लिहा आणि चारही शब्द घाला: लैंगिक कल, लिंगभाव ओळख, लिंगभाव अभिव्यक्ती, लैंगिक वैशिष्ट्ये. शेवटचा शब्द आंतरलिंगी (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या) मुलांसाठी आहे, तो हमखास राहून जातो.

तुरुंगवासाचा हट्ट सोडा. शिक्षा आली की संशयापलीकडे पुरावा आला आणि खटला वर्षानुवर्षं आला. ज्याला महिनाअखेर खोली सोडायची आहे त्याला साठ दिवसांत आदेश आणि भरपाई हवी. पुनरावृत्ती झाली तरच गुन्हा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावाची गुप्तता. घरी माहीत नसलेल्या मुलाने तक्रार केली आणि समन्स पंचवटीतल्या घरच्या पत्त्यावर गेलं, तर कायद्यानेच त्याला उघडं पाडलं. पत्रव्यवहारासाठी वेगळा पत्ता देण्याची मुभा, आदेशात नावाऐवजी क्रमांक, सुनावणी बंद दाराआड, हे नियमांवर न सोडता अधिनियमाच्या कलमातच घाला.

सातपूरकर

गुप्ततेला अनुमोदन. एक भर: खासगी घरमालकावर राज्य कसं बंधन घालणार, असं आमदार विचारतीलच. काळाराम मंदिरापुढचा सत्याग्रह १९३० चा, आणि मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला १९४७ मध्ये. तोही राज्याचाच कायदा होता, आणि "आमची खासगी जागा आहे" हेच तेव्हाही ऐकवलं जात होतं. नाशिकच्या आमदाराला हे दुसऱ्या कुणी सांगायला नको, तरी सांगा.

गोदाकाठ

मग असं ठरवतो. कलम ७९अ चा निदेश, शुश्रूषागृह नियमांतलं वाक्य आणि मुद्रांकाचा आदेश ही तीन पत्रं थेट सहकार, आरोग्य आणि महसूल विभागाच्या सचिवांना, प्रत आमदारांना. विधेयकं दोनच आणि वेगवेगळी: आस्थापना अधिनियमाचं कलम १३, आणि जादूटोणा कायद्याच्या अनुसूचीत एक बाब. दोन्ही परिषदेतून. कलम १३ चा मराठी मसुदा रविवारी इथेच टाकतो, "केवळ" कुठे राहून गेला असेल तर दाखवा.

विधानभवन_वाचक

टाका. जादूटोणा कायद्याच्या विधेयकात शिक्षेच्या कलमाला हात लावू नका, फक्त अनुसूचीला. आणि आस्थापनांच्या विधेयकात "कामगार" ही व्याख्या मूळ अधिनियमातलीच राहू द्या. तिथे नवा शब्द आला की विधि व न्याय विभाग सगळाच मसुदा परत पाठवतो.